सोळा कोऱ्या ओळी

१

भव्याच्या उत्तरपत्रिकेत सोळा ओळी कोऱ्या असायला हव्या होत्या. त्यात एकही कोरी नव्हती.

हे कळायला मला गुरुवारची दुपार उजाडावी लागली. सुरुवात सकाळी कौशल्यापासून झाली. कौशल्या म्हणजे भव्याची आई. ती शिवणकाम करते. आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायकांचे ब्लाऊज तिच्या हातचे, आणि माझे तर सगळेच. एरवी ती आली की आधी बाही कुठे दाटते ते विचारते. त्या दिवशी बोटांचा निळा खडू न धुताच ती दारात येऊन उभी राहिली.

"वीणाक्का, माझ्या पोरीचा कुणीतरी घात केलाय," ती म्हणाली. "साडेएकवीस मार्क दिलेत तिला. नववा नंबर. पंचेचाळीस तरी यायलाच हवे होते."

"बस आधी. पाणी घे."

"बसायला नाही आले, अक्का. तिची उत्तरं पुसून दुसरी भरलीत. तुम्ही बघा. रबर फिरवला की कागद खरवडतो, तुमच्या डोळ्यांना दिसेल."

माझ्या डोळ्यांची ही कीर्ती कारखान्यातली. तीस वर्षं मी घड्याळांच्या कारखान्यात तपासनीस होते. हजाराच्या लॉटमधून वीस घड्याळं उचलायची, उघडायची, आणि त्या विसांवरून हजारांबद्दल बोलायचं. निवृत्त झाल्यावर मंडळाने मला कार्यकारिणीवर महिला प्रतिनिधी म्हणून घेतलं. म्हणजे हळदीकुंकवाला किती खुर्च्या लागतील ते मी सांगायचं.

मंडळ आमचं, बंगळुरातल्या जुन्या मराठी घराण्यांचं. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड, अशी आमची तीनशे वर्षं गेली. मंडळ दरवर्षी एका मुलाला किंवा मुलीला इंजिनिअरिंगची चार वर्षं शिकवतं, फक्त एकाच. त्यासाठी जूनमध्ये परीक्षा होते. १९९५ सालची परीक्षा मागच्या रविवारी झाली होती. खासगीत मार्क बुधवारी दाखवले होते, आणि येत्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता सभागृहात नाव जाहीर व्हायचं होतं.

भव्याला वडील नाहीत. शिष्यवृत्ती मिळाली नाही तर जुलैपासून ती होसकोट्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला जाणार होती. तो अर्जही कौशल्याने भरून ठेवला होता. पोरीला गणिताखेरीज दुसरं काही सुचत नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. माझा तिच्यावर फार जीव आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही माझ्यावर किती विश्वास ठेवायचा ते ठरवता येईल.

"सरी," मी म्हटलं. कन्नडातलं 'ठीक आहे' आमच्या घरांतही रुळलंय. "बघते."

मंडळाच्या ऑफिसात जाऊन मी ती पत्रिका खिडकीच्या उजेडात धरली, तिरकी करून पाहिली, मागून पाहिली. रबर कुठेही फिरला नव्हता.

२

ऑफिस विद्या सांभाळते. पन्नाशीची, नीटनेटकी बाई. पत्रिकाही तीच तपासते. पत्रिका म्हणजे एक लांबट पट्टी, एकाखाली एक पन्नास ओळी. दर ओळीत चार गोल, अ, ब, क, ड. बरोबर वाटेल तो गोल पेन्सिलने काळा करायचा. बरोबर उत्तराला एक गुण, चुकीला अर्धा गुण कापायचा, आणि कोरं सोडलं तर काहीच नाही.

"पोरगी घाबरली हो शेवटी," विद्या म्हणाली. "सगळं भरून टाकलं. होतं असं."

"पत्रिका असतात कुठे?"

"कपाटात, कुलपात." मग ती ओशाळली. "किल्ली त्या तसबिरीमागे. ते सगळ्यांना माहीत आहे, अक्का. तुम्हालाही."

मलाही माहीत होतं. सोमवारी आणि मंगळवारी ऑफिसात कोण कोण आलं ते मी विचारलं. सेक्रेटरी प्रतापराव रोज येतात. बिंदुमाधव सरांनी सोमवारी सकाळी उत्तरांचा पुठ्ठा आणून दिला. बाकी नेहमीची माणसं. वार्षिक समारंभाचा पडदा शिवायचं काम चालू होतं, वीजवाला आला होता, पाणीवाला आला होता. कुणीही दहा मिनिटं एकटं असू शकलं असतं.

दुपारी भव्या माझ्याकडे आली. डोळे सुजलेले, पण आवाज सरळ. बरोबर तिने प्रश्नपत्रिका आणली होती. ती मुलांना घरी नेता येते.

"इथे आलेय ते आईला सांगितलं नाहीये मी," ती म्हणाली. "तिला वाटेल मी कारणं देतेय. अक्का, मी सोळा कोरे सोडले होते."

"घाईत विसरली असशील."

"नाही. माझा नियम आहे." तिने कागद पुढे ओढला. "चूक झाली तर अर्धा जातो. चारांतला एकही पर्याय खोडता आला नाही, तर डोळे मिटून मारण्यात तोटा आहे. एक खोडता आला तर ना नफा ना तोटा. दोन खोडता आले तरच हात लावायचा. नाहीतर कोरं."

प्रश्नपत्रिकेत चौतीस प्रश्नांपुढे तिने निवडलेलं अक्षर होतं, आणि सोळांपुढे छोटं शून्य.

"तुला किती येतील वाटलं होतं?"

"तीसच्या आसपास. दोनतीन चुकले असतील."

ऑफिसातून मी पत्रिकेची गुणांसकट नक्कल उतरवून आणली होती; तिच्याशी आम्ही दोघींनी ताडून पाहिलं. चौतीस उत्तरं तिचीच होती, त्यात एकतीस बरोबर आणि तीन चूक. साडेएकोणतीस गुण. पहिला आलेल्या यशोवर्धनला साडेसत्तावीस होते. म्हणजे ती त्याच्या पुढे होती, आणि त्या सोळा गोलांनी तिला खाली ओढलं होतं.

मूळ पत्रिकेतले सगळे गोल मी सकाळी भिंगाखाली पाहिले होते. भव्या गोल भरते तेव्हा कडेने फिरत आत येते. हे सोळा गोल उभ्या, बारीक, एकमेकींना चिकटून काढलेल्या रेषांनी भरले होते. हात दुसराच होता.

मग मी त्या सोळांचे गुण मोजले, आणि माझ्यातली तपासनीस जागी झाली. डोळे मिटून मारलं तरी चारांत एक बरोबर येतं. सोळांत साधारण चार यायला हवेत. इथे एकही नव्हतं. सोळाच्या सोळा चूक. शंभर वेळा मारलं तर एकदा असं होईल. आणि ते त्याच माणसाच्या हातून, ज्याने चोरून दुसऱ्याच्या पत्रिकेला हात लावला.

एकही बरोबर येऊ द्यायचं नसेल, तर बरोबर काय आहे ते आधी माहीत हवं. ज्याने हे केलं, त्याच्यापुढे उत्तरं होती.

३

शुक्रवारी सकाळी मी प्रतापरावांसमोर बसले. गावातल्या प्रत्येक माणसाला ज्याच्यावर संशय आला असता, तो हाच माणूस. यशोवर्धन त्यांचा पुतण्या. ऑफिसही त्यांच्याच हाताखालचं.

"तुम्ही मला चोर म्हणायला आलात का, वीणाबाई?"

"अजून नाही. यशोवर्धनची पत्रिका दाखवा."

त्यांचा चेहरा लाल झाला, पण पत्रिका त्यांनी दिली. त्याच वेळी यशोवर्धन आत आला. उंच, लाजाळू मुलगा. काकांच्या तोंडावरचा रंग पाहून तो दारातच थबकला.

त्याच्या पट्टीत मला मजा दिसली. चौदा ठिकाणी, एकामागून एक नाही पण पसरून, 'क' भरलेला होता.

"हे काय रे?"

"क्लासमध्ये शिकवलंय, अक्का," तो खाली बघत म्हणाला. "येत नसेल तिथे सगळीकडे एकच अक्षर मारायचं. बदलत बसलं की एकही लागत नाही म्हणतात."

"लागले किती?"

"चार."

चौदांत चार. नशिबाने जेवढं द्यायचं तेवढंच दिलं होतं. दहा चुकले, त्यात पाच गुण गेले. कोरं सोडलं असतं तर त्याला एक गुण जास्त पडला असता. मी हे त्याला सांगितलं तेव्हा तो ओशाळून हसला.

पण त्या चौदा 'क'मुळे त्याचे काका सुटले. प्रतापरावांच्या हातात उत्तरं असती आणि पुतण्याला पुढे आणायचं असतं, तर त्यांनी शेजारच्या पोरीची पत्रिका बिघडवली असती आणि घरच्या पोराला चौदा प्रश्न अंधारात मारू दिले असते, हे मला पटेना. ज्याला कपाट उघडता येतं, तो आधी आपलं पान नीट करतो.

"वीणाबाई," मी निघताना प्रतापराव म्हणाले, आणि त्यांचा आवाज उतरला होता. "रविवारपर्यंत हे निस्तरलं नाही, तर लोक माझंच नाव घेतील. यशोचंही घेतील. त्याने काही केलेलं नाही."

ते खरं होतं. आता दोन मुलांची नावं पणाला लागली होती. उत्तरं ज्यांच्याकडे होती अशी आणखी दोनच माणसं उरली, विद्या आणि पुठ्ठा बनवणारे बिंदुमाधव सर. आणि भव्याने दोन वर्षांपूर्वी बिंदुमाधव सरांची शिकवणी भर वर्गात त्यांची चूक काढून सोडली होती.

४

बिंदुमाधव सर यशवंतपूरला राहतात, घाऊक बाजाराच्या मागे. कांद्याच्या पोत्यांमधून वाट काढत मी त्यांचं घर गाठलं. ऑफिसातून आणलेला पुठ्ठा माझ्या पिशवीत होता.

"त्या मुलीने माझी चूक काढली ती बरोबर होती," त्यांनी मी विचारायच्या आधीच सांगितलं. "मला राग आला होता. आठ दिवसांनी गेला. अंदाजाने मारणाऱ्यांचा मात्र कधी जाणार नाही. तो अर्धा गुण मीच कापायला लावला. न कळलेलं कोरं ठेवायला धैर्य लागतं. तिच्यात ते होतं. म्हणून सोळा भरले हे ऐकून मला वाईट वाटलं."

"तिने भरले नाहीत, सर."

मी पुठ्ठा टेबलावर ठेवला. पट्टीएवढाच लांब, पन्नास ओळी, दर ओळीत एक भोक, बरोबर उत्तराच्या जागी. पत्रिकेवर ठेवला की ज्या भोकातून काळं दिसेल तो गुण. एका बाजूवर सरांच्या शाईतलं साल आणि विषय. दुसरी बाजू कोरी. वरचा एक कोपरा तिरका कापलेला.

"हा कोपरा कशाला?"

"कापलेला कोपरा डाव्या हाताला यायला हवा. विद्याला माहीत आहे, मला माहीत आहे. पालथा पडला तर सगळंच उलटं होतं." त्यांनी पुठ्ठा उलटून दाखवला. "ओळ तीच राहते, पण अ च्या जागी ड येतो, ब च्या जागी क."

मी पिशवीतून सोळा उत्तरांची यादी काढली. कुठलं बरोबर होतं आणि कुठलं भरलेलं होतं. मग आम्ही दोघांनी एकेक ओळ मोठ्याने वाचली. बरोबर अ, भरलेलं ड. बरोबर क, भरलेलं ब. बरोबर ड, भरलेलं अ. बरोबर ब, भरलेलं क. सोळाव्या ओळीपर्यंत आल्यावर सरांनी चष्मा काढला.

घात करणाऱ्याला तीन चुकीची अक्षरं मोकळी असतात. तो कुठलंही भरतो. सोळा वेळा, न चुकता, नेमकं आरशातल्यासारखं उलटं अक्षर त्याच्या हातून येणार नाही. हे काम पालथ्या पुठ्ठ्याचं होतं. म्हणजे ज्याने भरलं त्याला ती उत्तरं बरोबरच वाटत होती. त्याला भव्याला मार्क द्यायचे होते.

आम्ही शत्रू शोधत होतो, आणि शत्रू नव्हताच. विद्या सुटली आणि सरही सुटले, कारण पुठ्ठा कसा ठेवायचा ते दोघांना माहीत होतं. आता मला असं माणूस हवं होतं, ज्याला ते माहीत नव्हतं, आणि ज्याचा त्या मुलीवर जीव होता.

मी पुठ्ठा पुन्हा पिशवीत घालायला उचलला. कोऱ्या बाजूला, भोकांच्या कडांना, फिकट निळी भुकटी बसली होती. शाईच्या बाजूला नव्हती.

बसमध्ये मी पुठ्ठा मांडीवर घेऊन बसून होते. माझा स्टॉप गेला तरी मला कळलं नाही.

५

शनिवारी सकाळी मी ब्लाऊजचं कापड घेऊन कौशल्याकडे गेले. ती खाली बसून कुणाचं तरी पोलकं बेतत होती. समोर कापड, त्यावर कागदी नमुना, हातात निळा खडू.

"हा नमुना पालथा का ठेवलास ग?" मी विचारलं.

"पालथाच ठेवतात, अक्का. खडू कापडाच्या उलट्या अंगाला लावायचा. सुलट्याला लावला तर डाग राहतो. मग नमुनाही उलटाच ठेवायचा, म्हणजे शिवून सुलटं केलं की डावं डावीकडेच येतं." तिने मान वर केली. "काही कळलं का? कोणी पुसली?"

"कोणीच पुसली नाहीत, कौशल्या."

मला हे बोलायचं नव्हतं. तीस वर्षं मी खोट असलेली घड्याळं बाजूला काढली, पण घड्याळाला त्याचं काही वाटत नाही.

"तू म्हणालीस उत्तरं पुसली. भव्या म्हणते तिने कोरी सोडली होती. कोरा कागद पुसला असं कुणी म्हणत नाही. तिथे काहीतरी भरलेलं होतं हे ज्याला ठाऊक असेल, तोच तसं म्हणेल. तू म्हणालीस पंचेचाळीस यायला हवे होते. पोरीला स्वतःला तीस वाटत होते. वरचे पंधरासोळा तू कुठून आणलेस?"

खडू तिच्या हातातून कापडावर ठेवला गेला. तिने तो पुन्हा उचलला नाही.

"मंडळाचा पडदा तूच शिवतेस ना?"

तिने समोरचा कागदी नमुना बाजूला सरकवला. मग तिने सगळं सांगितलं. रविवारी घरी आल्यावर भव्याने प्रश्नपत्रिका दाखवली आणि कौशल्याने त्यातली सोळा शून्यं मोजली. कोरं सोडून येतात का, म्हणून ती पोरीला बोललीही. पोरीने नियम समजावला, तो तिच्या डोक्यात शिरला नाही. सोमवारी पडद्याचं माप घ्यायला गेली तेव्हा टेबलावर भोकांचा पुठ्ठा होता आणि विद्या पाणीवाल्याशी बोलत होती. कशिद्याची नक्षी उतरवतात तशी कौशल्याने खडूच्या भुकटीची पुरचुंडी भोकांवरून फिरवली, खाली ठेवलेल्या अस्तराच्या तुकड्यावर पन्नास ठिपके उतरवून घेतले. शाईची बाजू सुलटी म्हणून ती खाली. तीस वर्षांची हाताची सवय. घरी येऊन सोळा ओळींचे ठिपके मापाच्या वहीत लिहिले. मंगळवारी, विद्या चहाला गेल्यावर, किल्ली काढली आणि वहीत बघून फक्त त्या सोळा ओळी भरल्या. बाकीच्या ओळींकडे बघायला तिला वेळ नव्हता, आणि धीरही नव्हता.

ते गोल तिने काज भरतात तसे भरले होते, एकेक रेघ शेजारी शेजारी. मी भिंगातून पाहिलं तेव्हाच मला कळायला हवं होतं.

"चूक केली, माहीत आहे," ती म्हणाली. "पण उत्तरं बरोबर होती. मग मार्क कसे गेले?"

ती अजूनही समजली नव्हती. मी तिचाच कागदी नमुना उचलला, उलटला आणि पुन्हा खाली ठेवला.

"कापड शिवून झालं की सुलटं होतं, कौशल्या. तू ठिपके उलट्या अंगावरच वाचलेस. पहिलं होतं तिथे चौथं भरलंस, दुसरं होतं तिथे तिसरं. सोळाही चुकले. ते कोरे राहिले असते तर भव्या पहिली होती."

ती रडली नाही. दोन्ही हातांचे तळवे तिने वर धरले आणि त्यांच्याकडे बघत राहिली. मला तिचे हात हातात घ्यावेसे वाटले आणि मी ते घेतले. आतल्या खोलीच्या दारात भव्या उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

६

रविवारी पाच वाजता सभागृह भरलं. नाव वाचण्यापूर्वी कार्यकारिणी आतल्या खोलीत बसली. प्रतापराव, बिंदुमाधव सर, विद्या आणि मी. भव्याला बोलावलं होतं. कौशल्या न बोलावता आली आणि भिंतीला लागून उभी राहिली.

मी पुठ्ठा आणि यादी समोर ठेवली. पालथ्या पुठ्ठ्यापर्यंत सांगितलं, आणि पुढचं नाव घ्यायला माझी जीभ उचलेना. ती मोकळी जागा भव्याने घेतली.

"ते मीच भरले," ती म्हणाली. "शेवटच्या पाच मिनिटांत घाबरले. वीणाक्कांचा काहीतरी गैरसमज झालाय."

ती सरळ प्रतापरावांकडे बघत खोटं बोलत होती. या एका वाक्यात तिची चार वर्षं जात होती, हे तिला चांगलं कळत होतं. होसकोट्याची बस सकाळी किती वाजता निघते तेही तिला माहीत असणार. आयुष्यात पहिल्यांदाच ती दोन पर्याय न खोडता उत्तर देत होती.

प्रतापरावांनी सुस्कारा सोडला. "मग प्रश्नच मिटला."

"नाही मिटला, अण्णा," कौशल्या म्हणाली.

ती पुढे आली. पदराआडून तिने अस्तराचा पांढरा तुकडा काढून टेबलावर पसरला. पन्नास निळे ठिपके त्यावर जसेच्या तसे होते.

"हे माझं काम. पोरीला शनिवारपर्यंत ठाऊक नव्हतं. मला वाटलं, रिकामी जागा म्हणजे वाया गेलेली जागा. तिला जे येत नाही ते मी भरून देते. तिला जे येत होतं ते माझ्यामुळे गेलं. काय करायचं ते मला करा."

विद्याने तोंडावर हात ठेवला. भव्या "आई" एवढंच म्हणाली.

सर उठले आणि पुठ्ठा अस्तरावर ठेवला, आधी सुलटा. एकाही भोकातून निळं दिसेना. मग पालथा. पन्नास भोकांत पन्नास ठिपके आले.

नियमाप्रमाणे फेरफार झालेली पत्रिका बाद, असं प्रतापराव म्हणाले. सर म्हणाले, नियम फेरफार करणाऱ्यासाठी आहे, ज्याच्या पानावर झाला त्याच्यासाठी नाही. वाद तासभर चालला. बाहेर लोक खुर्च्या सरकवत होते. शेवटी ठरलं ते असं. या पत्रिकेवर कुणालाच काही द्यायचं नाही. पुढच्या रविवारी सर नवीन पेपर काढतील, आणि भव्या आणि यशोवर्धन दोघंच तो देतील. किल्ली प्रतापरावांच्या खिशात राहील. मंडळाचं शिवणकाम कौशल्याकडून काढून घ्यायचं. अर्धा शिवलेला पडदा त्याच संध्याकाळी दुसऱ्या शिंप्याकडे गेला. गल्लीतल्या काही बायकांनीही आपली कापडं परत नेली. मी नेली नाहीत.

पुढच्या रविवारी ऑफिसच्या पायऱ्यांवर मी आणि कौशल्या बसलो होतो. आत दोन मुलं, विद्या आणि भिंतीवरचं घड्याळ. कौशल्याने बरोबर शिवायला काहीच आणलं नव्हतं. मांडीवर एकात एक अडकवलेली बोटं घेऊन ती दीड तास तशीच बसून होती.

निकाल त्याच दिवशी लागला. भव्या पुढे आली, अर्ध्या गुणाने. यशोवर्धनने या वेळी एकच 'क' अंदाजाने मारला होता, आणि तोच चुकला होता. शिष्यवृत्ती भव्याला मिळाली. भव्याने एक ओळ जास्त भरली असती आणि ती चुकली असती, तर दोघं बरोबरीत आले असते.

पण हे सगळं नंतरचं. भव्या आधी पायऱ्यांवर आली, तेव्हा तिच्या हातात प्रश्नपत्रिका होती. कौशल्या उठली. 

"किती सोडलेस?" कौशल्याने विचारलं.

"सात."

कौशल्याने प्रश्नपत्रिका हातात घेतली. सातही शून्यं तिने एकेक करून शोधली आणि बोटाने मोजली. मग कागदाची घडी घालून तो मुलीला परत दिला.

"सरी," ती म्हणाली. "राहू देत."